पाच बटणांचं फडकं

वॉर्डात झाडलोट करणारी मावशी सिस्टरला पाठीमागे ‘फ्रीज’ म्हणायची. सिस्टरच्या कानावर ते कधीच गेलं होतं आणि तिची त्यावर काही तक्रार नव्हती. फ्रीज निदान कामाचा तरी असतो, असं ती एकदा जेवताना नवऱ्याला म्हणाली. तो बिचारा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दिवसभर चाळीस पोरांचा आरडाओरडा ऐकून आलेला. हसावं की गप्प बसावं हे न कळून तो घास हातात धरून बसला. तिने आणखी वाढू का विचारलं आणि विषय तिथेच संपला.

बावीस वर्षं ती त्या एकाच वॉर्डात होती. मोठ्या माणसांच्या रक्ताच्या कर्करोगाचा वॉर्ड. दहा खाटा, आत यायला एकामागे एक दोन दारं आणि दोन दारांच्या मध्ये हात धुवायचं बेसिन. तिथे कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, मग येणारा कुणी का असेना. फुलं नाहीत, कापलेली फळं नाहीत, आणि नाक ओढत आलेल्या मामा-काकांनी जिन्यावरूनच मागे फिरायचं. औषधांनी या माणसांचं रक्त इतकं दुबळं झालेलं असतं की आपल्याला चार शिंका देऊन जाणारी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते. जरा ताप चढला की तासाच्या आत सलाइनमधून औषध सुरू व्हायला हवं, असा नियम. सिस्टरच्या पाळीत तो एकदाही चुकला नाही. खोटं कशाला बोला, कामात तिच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं.

पण आत काहीतरी गार पडत गेलं होतं. पहिल्या दोन वर्षांत कुणी गेलं की ती चादरींच्या खोलीत जाऊन रडायची आणि तोंड धुऊन पुढच्या खाटेकडे वळायची. मग रडणं घरी जायच्या वाटेवर आलं, मग आंघोळीपुरतं राहिलं, आणि मग एका वर्षी तिच्या लक्षात आलं की आपण बरेच दिवस रडलेलोच नाही. असं का, याचा तिने फार विचार केला नाही. वेळ कुणाला होता? तिची आई गेली तेव्हा ती पाचव्या दिवशी कामावर हजर झाली. मावशीने चहा आणला, तिच्या पाठीवर हात ठेवला, स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणलं. सिस्टर म्हणाली, चार नंबरची चादर बदलायची राहिलीय. ‘फ्रीज’ हे नाव त्या दिवशीचं.

पेशंटशीही ती आता मोजकंच बोलायची. पूर्वी ती घरी कोण कोण असतं, मुलगी कितवीत आहे असं सगळं विचारायची. कुठलं औषध कशासाठी, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे न कंटाळता चार चार वेळा सांगायची. आता ती खाटेचा नंबर म्हणायची, हात पुढे करा म्हणायची, झालं म्हणायची.

फडकं तिच्या त्या पूर्वीच्या दिवसांतलं. वॉर्डात एक औषध होतं, पाण्यासारखं दिसणारं, दर मंगळवारी छोट्या पिशवीतून शिरेत सोडायचं. आजारावर जालीम, पण हातापायांच्या नसांवर उठायचं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग बधिरपणा, आणि तरी रेटून देत राहिलं तर बोटं कायमची कामातून जायची. म्हणून दर मंगळवारी पिशवी लावायच्या आधी पेशंटला बटणं लावून दाखवायला सांगायचं. बोटं अडखळली की मॅडमना, म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, कळवायचं. त्या डोस अर्धा करायच्या, नाहीतर एखाद-दोन आठवडे थांबवायच्या.

आता इस्पितळाच्या सदऱ्यांना बटणं कुठली असायला? नुसत्या नाड्या. तेव्हा सिस्टरने घरी बसून जुन्या गणवेशाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर पाच बटणं टाकली, मोठ्यापासून बारक्यापर्यंत, आणि दुसरीवर पाच काजं केली. शिवणात तिला काडीची गती नव्हती. काजं वेडीवाकडी झाली आणि घट्ट झाली. पण घट्ट होती म्हणूनच ती कामाची. बोटांत जरा जरी कमी असलं तरी शेवटचं बारकं बटण आत जायचं नाही. सतरा वर्षं ते फडकं वापरात होतं, प्रत्येक हातानंतर जंतुनाशकातून निघून वाळत होतं. मनातल्या मनात सिस्टरला त्याचा अभिमान होता, कुणाला सांगितला नसला तरी.

मास्तर सात नंबरच्या खाटेवर आले. मास्तर म्हणजे शिंपी, बावन्न वर्षांचे, एका गल्लीत दोन मशिनींचं दुकान. तीस वर्षं लोकांची मापं घेतलेली. आल्या दिवशी त्यांनी सिस्टरला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, गणवेश शिवणाऱ्याने ते सांभाळलेलं नाही, असं तोंडावर सांगितलं. मावशी भिंतीकडे तोंड करून हसली.

पहिल्या मंगळवारी फडकं हातात आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ही काजं कुणी केली म्हणून विचारलं, आणि सिस्टर ‘मी’ म्हणाल्यावर जरा ओशाळले. पण राहवेना. मग त्यांनी सांगितलंच की बटणाच्या मानेला दोरा गुंडाळावा लागतो, नाहीतर ते कापडाला चिकटून बसतं, आणि हे वरचं बटण तर आज-उद्या हातातच येणार. बोलता बोलता, फडक्याकडे न बघता, पाचही बटणं लावून त्यांनी ते परत केलं. सिस्टरने तक्त्यात लिहिलं: बटणे ठीक.

शेजारी आठ नंबरला एक बस कंडक्टर होता. मोठा बोलका माणूस. मॅडम राउंडला आल्या की तो ‘चला, पुढे सरका’ म्हणून सगळ्यांना हसवायचा. त्याच्या बोटांना मात्र फडकं जमेना. मॅडमनी त्याचा डोस अर्धा केला, मग दोन मंगळवार बंदच ठेवला. महिनाअखेरच्या तपासणीत त्याचा आजार हटलाच नसल्याचं निघालं आणि पुढच्या आठवड्याभरात कंडक्टर गेला. आता, त्याचा आजार पहिल्यापासूनच कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. डोस कमी करण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मॅडमना माहीत होतं आणि सिस्टरलाही. पण सात नंबरवर पडून सगळं बघणाऱ्या मास्तरांना ते कुणी सांगितलं नाही. पूर्वीची सिस्टर असती तर त्याच दुपारी मास्तरांशी बोलली असती. आताच्या सिस्टरने आठ नंबरची गादी पुसून घेतली आणि नवा पेशंट घेतला.

मास्तरांची औषधांची पहिली फेरी मात्र यशस्वी झाली. तपासणीत आजार दिसेना. पुढच्या फेऱ्या नीट पार पडल्या तर तुम्ही यातून बाहेर पडाल, असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा मास्तरांची बायको स्टुलावरून उठली आणि उगाचच पुन्हा बसली. पंधरा दिवस घरी जायचं होतं. निघताना मास्तरांनी फडकं मागितलं. शिंपी इथे महिनाभर राहून गेला आणि हे असंच राहिलं तर लोक मला हसतील, म्हणाले. सिस्टरने दिलं. मधल्या दोन मंगळवारी तिने आपल्या स्वेटरच्या बटणांवर काम भागवलं.

मास्तर परत आले तेव्हा फडकं ओळखू येईना. नवी बटणं, प्रत्येकाच्या मानेला दोरा, काजांच्या कडा जाड दोऱ्याने भरलेल्या. दोन ठिकाणी टाका जरा हलला होता, पण ते बघणार कोण? सिस्टरने फडकं उलटसुलट करून पाहिलं. तिच्यासाठी कुणी काही करावं असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ‘छान झालंय,’ एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या मानाने ते पुष्कळ होतं.

पुढच्या चार मंगळवारी मास्तरांची बटणं ठीक. तीन नंबरच्या खाटेवरच्या शाळेतल्या बाईंची ठीक. नऊ नंबरच्या सुताराचीही ठीक. अहो, सगळ्या वॉर्डाचंच ठीक. असं होत नसतं. बावीस वर्षांत असा एकही महिना गेला नव्हता, आणि तरी ते सिस्टरच्या डोक्यात शिरलं नाही. ती फडकं द्यायची, बटणं लागलेली बघायची, लिहायची आणि पुढे जायची. बोटं बघणं तिने कधीचंच सोडून दिलं होतं. मास्तर चमचा मुठीत धरून जेवतात, हे मावशीने पाहिलं होतं आणि सिस्टरला सांगितलंही होतं. सिस्टरने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

पाचव्या मंगळवारी सकाळी तिने हातमोजे घातले. ते औषध हाताळताना एकावर एक दोन जोड्या घालाव्या लागतात, कातडीला थेंब लागू नये म्हणून. मास्तरांची पिशवी आली. दुसऱ्या सिस्टरबरोबर तिने नाव, नंबर, डोस मोठ्याने वाचून घेतला आणि पिशवी ट्रॉलीवर ठेवली. तिथेच फडकं उघडं पडलं होतं. ते आवरावं म्हणून तिने हात घातला आणि सवयीने बटणं लावत गेली. पाचही लागली. बारकं बटणसुद्धा.

मग तिचा हात थांबला. या मोज्यांत तिला चिकटपट्टीचं टोक सापडत नसे, त्यासाठी ती नेहमी दुसरीला हाक मारायची. तिने सगळी बटणं काढली आणि खिडकीकडे बघत पुन्हा लावली. गेली. बारकं बटण तिने काजाला लावून मापलं. काज चांगलं नखभर मोठं होतं. बाकीची चारही तशीच. या फडक्यावर तिने चार आठवडे सहा माणसांची बोटं शाबूत असल्याचं लिहून दिलं होतं.

ती सात नंबरकडे गेली. मास्तर उठून बसले आणि त्यांनी फडक्यासाठी हात पुढे केला. तिने ते दिलं नाही. कपाटातून त्यांचा घरून घालून आलेला शर्ट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी शर्टाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय ते कळलं. तरी त्यांनी प्रयत्न केला. बटण धरलं, ते सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा ते काजाच्या शेजारी नुसत्या कापडावरच बटण दाबत राहिले, आत गेलं की नाही हे त्यांना समजत नव्हतं. स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने मान खाली घातली.

‘कधीपासून?’ सिस्टरने विचारलं.

‘घरी गेलो तेव्हाच सुई नीट धरवत नव्हती,’ मास्तर म्हणाले. ‘दोरा हिने ओवून दिला. काजं मी मुद्दाम मोठी केली. कंडक्टरचं औषध कमी केलंत आणि तो गेला, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. सिस्टर, हात गेले तर जाऊ देत. पिशवी परत नेऊ नका.’

पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही असा नियम आहे. सिस्टर बसली. कंडक्टरचा आजार कसा वेगळा होता, या औषधाच्या जोडीला तुम्हाला आणखी तीन औषधं चालू आहेत, या चारांतलं एक काही आठवडे कमी केल्याने आजार उलटत नाही, पण नसा एकदा मेल्या की त्या परत येतीलच असं नाही, हे सगळं तिने सांगितलं. मध्येच मास्तर नको तिथे मान हलवू लागले, तेव्हा थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दहा मिनिटं लागली. तेवढीच लागतात.

मास्तरांची बायको आत्तापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?’

सिस्टर खाटेवरून उठली. उत्तर होतं, पण ते कुणाच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

पिशवी परत गेली. सिस्टरने मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. मग स्वेटर घेऊन प्रत्येक खाटेवर फिरली आणि सहाही जणांना बटणं लावायला लावली. तिघांना जमलं नाही. शाळेतल्या बाई आणि सुतार यांचा बधिरपणा नुकताच सुरू झालेला होता, त्यांची बोटं येतील असं मॅडम म्हणाल्या. मास्तरांबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं सिस्टरला वाटलं. लेखी खुलाशात तिने दोनच वाक्यं लिहिली: काजं मोठी केलेली होती. मी बघितलं नाही.

घरी नवरा म्हणाला की त्या माणसाने तुला उल्लू बनवलं, यात तुझा काय दोष. ती म्हणाली, त्याने फडकं बदललं, पण माझे डोळे तर त्याने काढून घेतले नव्हते. नंतर ती आंघोळीला गेली. आता रडू येईल असं तिला वाटत होतं, म्हणून ती बराच वेळ थांबली. आलं नाही. तिने अंग पुसलं, सकाळचा गणवेश काढून ठेवला आणि झोपली.

पुढे मास्तरांना ते औषध दोन महिने मिळालं नाही, आणि मग जेमतेम अर्धं मिळालं. बाकीच्या फेऱ्या पार पडल्या. आजार उलटला नाही. तपासणीमागून तपासणी चांगली येत गेली आणि ते गोळ्यांवर घरी राहू लागले. दुकान बायको चालवायची. मास्तर शेजारी बसून गिऱ्हाईकाकडे बघून नुसती मापं सांगायचे, आणि ती बरोबर निघायची. पायांची बोटं बरीचशी परत आली. हातांची आली नाहीत.

वर्ष होत आलं तेव्हा एका मंगळवारी सकाळी दोघं खाली तपासणीला आले होते, ते तसेच वॉर्डापर्यंत वर आले. दोन दारांच्या मध्ये, बेसिनपाशी, मास्तरांनी बायकोला हातातली कागदी पिशवी सिस्टरपुढे करायला लावली. आत नवं फडकं होतं. पाच बटणं, पाच काजं.

टाके इतके वाकडे होते की सिस्टरचं अठरा वर्षांपूर्वीचं काम त्यापुढे बरं म्हणायचं. कापड धुतलेलं होतं, तरी काजांच्या आजूबाजूला बारीक तपकिरी ठिपके राहिले होते. मास्तरांची बायको म्हणाली की सुई कुठे लागते ते यांना कळत नाही, मी आधी करून देते म्हटलं पण हात लावू दिला नाही, दोरा ओवण्यापुरता तेवढा. सात महिने लागले.

‘हसा आता,’ मास्तर म्हणाले. ‘पण काजं घट्ट आहेत. बघा तुम्ही.’

सिस्टर आत गेली आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवून आली. पहिलं बटण लागेना. दुसरं लागेना. बारकं तर चिमटीतही राहीना. तिने मोजे काढले आणि उघड्या बोटांनी लावून बघितली. पाचही गेली, शेवटचं जरा जोर लावून.

‘आता मला द्या,’ मास्तर म्हणाले. ‘मंगळवार आहे.’

त्याची काही गरज नव्हती. ती तसं म्हणाली नाही. फडकं त्यांच्या हातात दिलं आणि या खेपेला बटणांकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहिली. बोटांच्या टोकांना जुन्या टोचण्यांचे काळे बिंदू होते. ती बोटं मोठ्या बटणाभोवती फिरत राहिली, त्याला काजाच्या तोंडाशी आणत राहिली आणि तिथून हरवत राहिली. मागे मावशी पोछा धरून थांबली होती. पुष्कळ वेळाने मास्तरांनी स्वतःच फडकं बेसिनच्या कडेवर ठेवलं.

‘लिहा,’ ते म्हणाले.

सिस्टरने त्यांच्या बायकोकडची तपासणीची फाइल घेतली आणि लिहिलं: बटणे, पाचपैकी एकही नाही. तिला वाईट वाटलं. फार फार दिवसांनी, साधं, सरळ, खूप वाईट वाटलं. शेवटचे दोन शब्द तिला लिहिताना दिसेनात, ते तिने अंदाजानेच लिहिले. मावशीने कमरेचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला आणि जन्मात एकदा तोंड बंद ठेवलं.